अंगणातच अल्टरनेटर बदलला: कामाच्या नोंदी

गुरुवार, १३ जून २०२४

पुण्याहून परतताना खंबाटकी घाट चढत होते. पाऊस सणकून पडत होता. हेडलाइट चालू, वायपर जोरात आणि काच धुरकटू नये म्हणून ब्लोअरही पूर्ण. तेवढ्यात डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मिणमिणायला लागला. धड पेटत नव्हता, धड विझत नव्हता. ॲक्सिलरेटर दाबला की मंद व्हायचा, वळणावर गाडी हळू झाली की पुन्हा उजळायचा. रेडिओतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता आणि इंजिनच्या गतीबरोबर तो चढत-उतरत होता.

रेडिओ, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर बंद केला. हेडलाइट आणि वायपर बंद करणं त्या पावसात शक्यच नव्हतं. वेळे गावाच्या पुढे पाऊस ओसरला. साताऱ्यात दारात येईपर्यंत इंजिन कुठेही बंद केलं नाही, कारण एकदा बंद केलं असतं तर सेल्फ मारायला बॅटरीत दम उरला असता की नाही, सांगता येत नव्हतं.

दिव्यावर चित्र बॅटरीचं असलं तरी तो बॅटरी खराब झाल्याचं सांगत नाही. चार्जिंग नीट होत नाहीये, एवढंच सांगतो. चालत्या गाडीला वीज पुरवतो तो इंजिनच्या बेल्टवर फिरणारा अल्टरनेटर. बॅटरी लागते मुख्यतः इंजिन सुरू करायला. अल्टरनेटर कमी पडला की सगळा भार बॅटरीवर येतो. साध्या हॅलोजन हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजेच ११० वॅट. त्यात वायपर, ब्लोअर, पेट्रोल पंप, इग्निशन, रेडिएटरचा पंखा मिळवला तर रात्रीच्या पावसात ३० अँपिअरच्या आसपास सहज जातात. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी एवढ्या भाराखाली तासभरही टिकत नाही.

शुक्रवार, १४ जून

सकाळी गाडी सुरू झाली, पण सेल्फ जड फिरला. कॉलेजला जाताना वाटेतल्या एका बॅटरीच्या दुकानात दाखवली. त्यांनी एक वायर लावून पाहिली आणि "बॅटरी गेली" असं सांगितलं. बॅटरी गेल्या वर्षीच्या दिवाळीत घेतलेली आहे. विकत काही न घेता निघाले. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत रोज व्होल्ट-अँपिअर मोजायचा मीटर हाताळत असल्यामुळे आकडा पाहिल्याशिवाय भाग बदलायला मन धजत नाही.

संध्याकाळी मीटर लावला. गाडी काही तास उभी होती, म्हणजे बॅटरी स्थिर झालेली होती. १२.१ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या पुढे दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. मग इंजिन सुरू केलं. बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवं होतं. आले १३.१. हेडलाइट आणि ब्लोअर लावताच १२.३, आणि आकडा खाली घसरतच राहिला. इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर धरलं तरी १२.८ च्या वर जाईना.

शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. आवाज ऐकून ते कुंपणापाशी आले. भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तो सोबत होता. त्यानं विचारलं, "काका, चालू गाडीत बॅटरीची तार काढून बघू का? गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेलेला, असं म्हणतात ना?"

काकांनी त्याचा हातच धरला. "अरे, तसलं काही करायचं नाही. ते आमच्या डायनॅमोच्या काळातलं. आता तार काढलीस तर झटका बसून कॉम्प्युटर जाईल गाडीचा."

हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण ही 'परीक्षा' अजूनही सर्रास होते. बॅटरी अल्टरनेटरच्या व्होल्टेजला आवर घालत असते. चालू इंजिनात तिची तार काढली की अल्टरनेटरच्या आत साठलेली ऊर्जा क्षणभर अनेक पटींनी जास्त व्होल्टेजच्या रूपात वायरिंगमध्ये शिरते. अल्टरनेटरचं व्होल्टेज ठरवणारा रेग्युलेटर, इंजिनचा ईसीएम (म्हणजे कॉम्प्युटर), एअरबॅगचं युनिट, जे सापडेल ते जळतं. पन्नास-शंभर रुपयांच्या शंकेसाठी हजारोंचं युनिट जाऊ शकतं. पाचशे रुपयांचा मीटर हेच उत्तर विनाधोका देतो.

शनिवार, १५ जून

व्होल्टेज कमी आलं म्हणजे अल्टरनेटरच गेला, असं नसतं. बेल्ट घसरत असेल, जाड तारेचं थिंबल (टोकाचं धातूचं कडं) गंजलं असेल, इंजिनला बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडणारी अर्थ-पट्टी सैल असेल, तरी आकडा असाच येतो. नवा अल्टरनेटर बसवूनही तक्रार तशीच राहिली, असं घडतं ते बहुतेक या पायरीला फाटा दिल्यामुळे. म्हणून आजचा दिवस तपासणीलाच दिला.

बेल्ट: आतल्या दात्यांना बारीक चिरा, कडा चकाकलेल्या. बदलायला झालाय, पण ताण ठीक आहे आणि घसरण्याचा आवाज नाही.

तारांवरचा तोटा: इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. मीटरची एक कांडी अल्टरनेटरच्या बी-प्लस नटवर (इथूनच जाड तार बॅटरीच्या धन टोकाकडे जाते), दुसरी बॅटरीच्या धन टोकावर. ०.१५ व्होल्ट, हे चालण्यासारखं. मग एक कांडी अल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर. इथे ०.४५ आलं. ०.२ च्या वर जायला नको. अर्थ-पट्टीचा बोल्ट गिअरबॉक्सवर आहे. इंजिन बंद करून, बॅटरीची ऋण तार काढून तो उघडला तर थिंबलखाली हिरवट-पांढरा थर होता. पॉलिश पेपरनं दोन्ही पृष्ठभाग चकचकीत केले, वायसर बदलला, पुन्हा आवळला. तोटा ०.०८ वर आला. बॅटरीवरचा आकडा थोडा सुधारला, पण १३ च्या आतच राहिला. म्हणजे अर्थिंगचा दोष खरा होता, पण मुख्य दोष तो नव्हता.

तरंग: अल्टरनेटरच्या आत तीन गुंडाळ्या असतात आणि वीज तयार होते ती एसी. वीज एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या सहा डायोडची जाळी तिची डीसी करते. एखादा डायोड गेला तर डीसीवर एसीचा तरंग उरतो, तोच रेडिओत शिट्टी बनून ऐकू येतो. मीटर एसी रेंजवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर लावला. आधी इंजिन बंद ठेवूनच लावला, कारण काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसी दिली तरी भलताच आकडा दाखवतात. माझ्या मीटरनं शून्य दाखवलं, म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. मग इंजिन सुरू करून दिवे लावले. ०.९ व्होल्ट एसी. धडधाकट अल्टरनेटरमध्ये हे ०.१ च्या आत असतं आणि अर्धा व्होल्ट ओलांडला की डायोडवर बोट ठेवता येतं.

आता रात्रीतून बॅटरी उतरायचं कारण शोधायचं होतं. इंजिन बंद, किल्ली बाहेर, सगळी दारं बंद. बॅटरीची ऋण तार काढून टोक आणि तार यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावला. हा मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही आणि दारही उघडायचं नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. गाडीतली युनिटं झोपी जायला अर्धा तास दिला. तरीही ०.३८ अँपिअर जात होते. उभ्या गाडीत ०.०५ च्या आत असायला हवेत. मीटर काढला, ऋण तार मोकळीच ठेवली, अल्टरनेटरची बी-प्लस तार सोडवून तिच्या टोकाला टेप गुंडाळला, मग पुन्हा मीटर लावला. ०.०२. गळती अल्टरनेटरमधूनच होती. ०.३६ अँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला साडेआठ अँपिअर-अवर. बॅटरीचा जवळपास चौथा हिस्सा रोज गुपचूप जात होता आणि आळ बॅटरीवर येत होता.

काकांनी आणखी एक खूण दाखवली. बी-प्लस तार पुन्हा जोडायला लावली आणि किल्ली बाहेर असतानाच अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ पातळ स्क्रू-ड्रायव्हर धरला. तो हलकेच ओढला गेला, म्हणजे रोटरमध्ये (आत फिरणाऱ्या विद्युतचुंबकात) करंट होता. "आतला रोटर जिवंत आहे बघ. झोपलेल्या गाडीत त्याला करंट कशाला हवा?" तार काढल्यावर ती ओढ उरली नाही. मीटरच्या आकड्याला दुसऱ्या वाटेनं दुजोरा मिळाला.

रविवार, १६ जून

बदलायचा की दुरुस्त करायचा?

डायोडची प्लेट वेगळी मिळते, फिरत्या रोटरला वीज पोचवणारे कार्बनही मिळतात, आणि चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ते अर्ध्या दिवसात बदलून देतो. पण गाडी २०११ ची आहे. अल्टरनेटर पहिलाच आहे. इंजिन चालू असताना लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगावर टेकवून मूठ कानाला लावली, तर बेअरिंगची घरघर स्पष्ट ऐकू येते. पालखी लोणंदला यायच्या आत गाडी भरवशाची हवी आहे, आम्ही दरवर्षी औषधांच्या पेट्या घेऊन तिथे जातो. म्हणून नवा बसवायचा आणि जुना निवांत दुरुस्त करून घरात ठेवायचा, असं ठरवलं.

रिकंडिशन केलेला अल्टरनेटर स्वस्त पडतो, पण आत काय बदललंय आणि काय नुसतं रंगवलंय ते बाहेरून कळत नाही. ओळखीच्या कारागिरानं आपल्यासमोर उघडून केलेला असेल, तर मात्र मी तो बिनदिक्कत घेईन.

काम घरी करायचं, हेही आजच ठरलं. अवघड असं त्यात फार काही नाही. धोकादायक गोष्टी तीन आहेत: बी-प्लस तार, जॅकवर उचललेली गाडी आणि फिरता बेल्ट. या तिन्हींचा बंदोबस्त आधी झाला नाही, तर पान्याला हात लावायचा नाही, असं भाच्याला बजावलं.

मंगळवार, १८ जून

पुण्याच्या नाना पेठेत जाऊन अल्टरनेटर आणि बेल्ट आणला. गाडी नव्हती, एसटीनं गेले. जुन्याचा फोटो, त्याच्या अंगावरच्या पट्टीवरचा क्रमांक आणि गाडीचा चॅसिस क्रमांक सोबत नेला होता. नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये एसी आणि बिनएसी गाड्यांचे अल्टरनेटर वेगळे निघतात.

काउंटरवरच जुळवून पाहिलं: १२ व्होल्ट आणि अँपिअर तेवढेच आहेत का, पुलीला खाचा किती, बोल्ट ज्यांतून जातात त्या माउंटिंगच्या कानांमधलं अंतर, मागच्या सॉकेटचा आकार आणि पिना. कमी अँपिअरचा स्वस्तात मिळत होता, तो नाकारला. पुली हातानं फिरवली. एकसारखी फिरली, कुठे अडकणं नाही, खरखर नाही. बिलावर क्रमांक आणि वॉरंटीची मुदत लिहून घेतली.

शुक्रवार, २१ जून

उद्याची तयारी. आज वटपौर्णिमा, कॉलेजातून लवकर सुटले होते.

बॅटरी काढून पडवीत चार्जिंगला लावली. अल्टरनेटर भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी असतो. रिकामी बॅटरी तशीच जोडली तर नवा अल्टरनेटर पहिल्याच दिवशी पूर्ण क्षमतेनं तासन् तास राबतो आणि तापतो. चार्जर ३.५ अँपिअरवर, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शावर ठेवला. आधी क्लिप लावल्या, मग भिंतीवरचं बटण. काढतानाही आधी बटण बंद, मग क्लिप. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि हवेत ४ टक्के झाला तरी तो ठिणगीनं पेटतो. म्हणून खोलीत नाही, पडवीत. देवघराचा दिवा आणि उदबत्ती आत आणि बॅटरी बाहेर.

माउंटिंगच्या बोल्टांवर आज रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. खालचा लांब बोल्ट अॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये आहे. जोर करून फिरवला तर आटे जातात, आणि मग अल्टरनेटरपेक्षा ब्रॅकेटचं काम मोठं होऊन बसतं.

जागा पाहिली. अंगणात शहाबादी फरशी आहे. तिच्याखाली पोकळी असली तर जॅक स्टँडचा पाय टेकताच ती फुटू शकते. फाटकाजवळ सिमेंटचा कोबा आहे, सपाट आणि घट्ट. बॅटरी भरल्यावर परत बसवून गाडी तिथे घेतली.

शनिवार, २२ जून

सकाळी सात वाजता सुरुवात केली. पाऊस नव्हता. अंगठी, बांगड्या, घड्याळ आणि गळ्यातलं काढून घरात ठेवलं, केस बांधले, ओढणी नाही. धातूचं कडं किंवा घड्याळाचा पट्टा पाना आणि बॉडीच्या मध्ये सापडला तर क्षणात लाल होतो आणि कातडीला चिकटतो. भाच्याच्या हातात तांब्याचं कडं होतं, तेही काढायला लावलं. डोळ्यांना चष्मे.

गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, किल्ली माझ्या खिशात. मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे.

पहिलं काम बॅटरीचं. आधी ऋण तार, मग बाकी सगळं. हा क्रम उलटा का चालत नाही, ते भाच्याला तिथेच दाखवलं. गाडीची सगळी बॉडी ऋण टोकाला जोडलेली असते. धन टोकाचा नट सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला तर बॅटरी थेट शॉर्ट होते आणि शेकडो अँपिअर त्या पान्यातून धावतात. ऋण तार आधी काढली की ती वाटच बंद होते. मग पाना कुठेही लागू दे. काढलेली तार जाड कापडात गुंडाळून बाजूला बांधली, कारण मोकळी तार स्वतःच्या ताठपणानं पुन्हा टोकाला जाऊन टेकू शकते. मीटरनं अल्टरनेटरच्या बी-प्लसवर शून्य आहे याची खात्री केली. बी-प्लस ही तार किल्ली बंद असतानाही कायम जिवंत असते. या कामातले बहुतेक चटके आणि जळालेल्या तारा तिच्यापायी होतात.

आमच्या गाडीत अल्टरनेटर इंजिनच्या मागच्या बाजूला, खाली आहे. वरून पाना पोचतो, पण अल्टरनेटर बाहेर येतो तो खालून, उजव्या चाकाच्या बाजूनं. म्हणजे गाडी उचलणं आलंच. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल केले. डिकीतला कैचीसारखा जॅक फक्त पंक्चरसाठी आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नये, डोकं तर नाहीच. काकांचा हायड्रॉलिक जॅक आणला, पण तोही उचलण्यापुरताच. तेलाचं सील कधीही दगा देऊ शकतं. बॉडीच्या जाड पट्टीखाली दोन टनांचा जॅक स्टँड लावला, गाडीचं वजन त्यावर उतरवलं आणि मग खांद्यानं गाडी जोरात हलवून पाहिली. ती हलायची असेल तर आपण बाहेर असतानाच हलू दे. काढलेलं चाकही दारांखालच्या पट्टीखाली आडवं सरकवलं.

चिखलाचं प्लॅस्टिक कव्हर काढल्यावर अल्टरनेटर समोर आला. सुटं करण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढले, विशेषतः बेल्ट कोणत्या पुलीवरून कसा जातो आणि तार कोणत्या क्लिपमधून येते ते.

ताणाचा बोल्ट आणि खालचा बोल्ट दोन्ही सैल केले. अल्टरनेटर इंजिनकडे ढकलला, बेल्ट निघाला. बेल्ट हातात असेपर्यंत वॉटर पंपाची पुलीही फिरवून, हलवून पाहिली. तिथे खेळ असता तर आजच कळलं असतं, कारण बेल्ट चढल्यावर ते कळत नाही. पंप ठीक निघाला. प्लगची खिट्टी दाबून प्लग काढला. तार ओढायची नाही, प्लगचं अंग धरायचं. बी-प्लसचं रबरी टोपण मागे सारून १० चा नट सोडवला.

खालचा लांब बोल्ट रात्रभर तेल पिऊनही अर्ध्यावर थांबला. इथे घाई केली नाही. अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे, पुन्हा तेल, पुन्हा थोडं पुढे. भाचा लांब पाइप आणायला निघाला होता, त्याला थांबवलं. बोल्ट शेवटी गुमान निघाला, आटे शाबूत. अल्टरनेटर ५ किलोच्या आसपास असतो, पण आडवं पडून छातीच्या वर एका हातानं धरायला ५ किलो बरेच वाटतात. शेवटचा बोल्ट काढताना भाच्यानं वरून आणि मी खालून धरला होता.

नवा बसवताना तो ब्रॅकेटमध्ये जाईना. दुकानदारानं चुकीचा दिला की काय, असं भाच्याला वाटलं. पण दोन्ही शेजारी ठेवून मापलं तर कान सारखेच होते. फरक कानातल्या पोलादी बुशचा, म्हणजे बोल्ट ज्यातून जातो त्या नळीचा होता. ही बुश मुद्दाम सरकती केलेली असते. बोल्ट आवळला की ती सरकून ब्रॅकेटला चिमटा घेते. नव्यामध्ये ती आत सरकलेली होती. शिकंजात एका बाजूला सॉकेट पान्याची लहान गोटी आणि दुसऱ्या बाजूला मोठी गोटी धरून बुश दीडेक मिलिमीटर मागे दाबली. मग अल्टरनेटर अलगद बसला. हातोडीनं ठोकून बसवला असता तर कान तडकला असता. ओतीव अॅल्युमिनियम वाकत नाही, तुटतं.

सगळे बोल्ट आधी बोटांनी फिरवले, पाना नंतर. पुल्या एका रेषेत आहेत का, ते स्टीलची पट्टी लावून पाहिलं. नवा बेल्ट चढवला, प्रत्येक खाच आपापल्या जागी बसली का हे बोट फिरवून तपासलं. ताण देताना टॉमी (जाड लोखंडी कांब) टेकवला तो अल्टरनेटरच्या पुढच्या जाड ओतीव भागाला. मधल्या पत्र्यांच्या गठ्ठ्याला किंवा मागच्या झाकणाला टेकवला तर आतली गुंडाळी किंवा डायोडची प्लेट दुखावते. बेल्टचा सर्वांत लांब मोकळा भाग दोन बोटांत धरून पिळला, तो साधारण पाव फेरी वळला. त्याहून सैल ठेवला तर घसरतो. जास्त ताणला तर अल्टरनेटर आणि वॉटर पंप, दोघांच्याही बेअरिंगचं आयुष्य घटतं. आधी ताणाचा बोल्ट, मग खालचा लांब बोल्ट आवळला.

बी-प्लसचं थिंबल पॉलिश पेपरनं घासून लावलं. नट घट्ट, पण अंगातलं सगळं बळ लावून नाही, कारण तो खुंटा आत प्लॅस्टिकच्या आधारावर असतो. टोपण नीट बसवलं. प्लग 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबला. सगळी हत्यारं मोजून डब्यात परत ठेवली. १४ चा रिंग पाना बॅटरीखालच्या खाचेत राहिला होता, तो मोजणीमुळेच सापडला.

चाक लावलं, गाडी खाली घेतली. भरलेली बॅटरी बसवून आधी धन, सर्वांत शेवटी ऋण तार जोडली. ऋण लावताना बारीक ठिणगी दिसली. युनिटांमधले कपॅसिटर भरतात त्याची ती असते. मोठी, तडतडणारी ठिणगी आली असती तर तिथेच थांबले असते.

किल्ली फिरवली. इंजिन सुरू करण्याआधी बॅटरीचा दिवा पेटला पाहिजे, पेटला. याच दिव्याच्या वाटेनं रोटरला सुरुवातीचा करंट मिळतो. दिवा उडालेला असेल तर चांगला अल्टरनेटरही काही गाड्यांत चार्ज करत नाही. इंजिन सुरू झालं आणि दिवा लगेच विझला.

आकडे, आजचे:
बॅटरीवर, नुसतं आयडलिंग: १४.३
हेडलाइट, ब्लोअर, मागचा हीटर लावून: १३.९
त्याच भारावर एसी तरंग: ०.०३
बी-प्लस ते बॅटरी तोटा: ०.१२
अर्थिंगचा तोटा: ०.०७

मीटरच्या तारा बेल्टपासून आणि पंख्यापासून लांब धरल्या. रेडिएटरचा पंखा इंजिन तापलेलं असलं की आपोआप फिरतो, काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही. म्हणून बॉनेट उघडं असेपर्यंत भाच्याला त्या बाजूला उभंच राहू दिलं नाही. काका चहा घेऊन आले तेव्हा त्यांनी आधी आकड्यांची वही मागितली, मग बॉनेटमध्ये डोकावले.

रविवार, २३ जून

कासच्या रस्त्यानं चढावर एक फेरी मारली, दिवे आणि ब्लोअर चालू ठेवून. दिवा शांत, रेडिओ स्वच्छ. इंजिन गार झाल्यावर ऋण तार काढून बेल्टचा ताण पुन्हा पाहिला. नवा बेल्ट पहिल्या धावेत थोडा बसतोच. अर्ध्या आट्याएवढा ताण वाढवला. सगळ्या बोल्टांवर पाना फिरवून पाहिला, एकही सैल नव्हता.

रात्री उभ्या गाडीतली गळती मोजली, ०.०२ अँपिअर.

घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं पुन्हा लावली. बॅटरी काढल्यानंतर पहिल्या दिवशी आयडलिंग किंचित वर-खाली होत होतं. ईसीएमनं साठवलेली शिकवण पुसली गेल्यामुळे तसं होतं आणि थोडं चालवल्यावर आपोआप स्थिरावतं. आज संध्याकाळी ते स्थिर आहे.

शनिवार, २९ जून

जुना अल्टरनेटर उघडला. मागचं झाकण, कार्बनचा खोका, मग डायोडची प्लेट. गुंडाळीची तीन टोकं सोल्डर सोडवून वेगळी केली आणि सहा डायोड एकेक करून मीटरच्या डायोड रेंजवर दोन्ही दिशांनी तपासले. पाच डायोडांनी एका दिशेला ०.५ च्या आसपास आणि दुसऱ्या दिशेला काहीच नाही, असं दाखवलं. धन बाजूचा एक दोन्ही दिशांना वाट देत होता. म्हणजे उभ्या गाडीत बॅटरीचा करंट या डायोडमधून उलटा आत शिरायचा, गुंडाळीतून रोटरला जोडलेल्या लहान डायोडांकडे जायचा आणि रोटरमधून अर्थ व्हायचा. स्क्रू-ड्रायव्हर ओढला जायचा तो त्यामुळेच. आणि गाडी चालताना तीनपैकी एक गुंडाळी जवळपास निकामी असल्यामुळे भार पडला की व्होल्टेज कोसळायचं.

कार्बनही झिजून टोकाला आले होते. कार्बन ज्यांवर घासतात त्या रोटरच्या स्लिप रिंगवर खोल चर नाहीत, त्या बारीक पॉलिश पेपरनं साफ होतील. रोटरच्या गुंडाळीचा रोध ३ ओहमच्या जवळ, चांगला. मागच्या बेअरिंगचं ग्रीस सुकून काळं पडलंय.

काकांच्या ओळखीच्या कारागिराकडे प्लेट, कार्बन आणि दोन्ही बेअरिंग बदलायला दिला आहे. भाचा शेजारी बसून पाहणार आहे. परत आला की पिशवीत घट्ट बांधून, आजची तारीख आणि बुश किती मागे दाबायची ते माप चिठ्ठीवर लिहून माळ्यावर ठेवायचा.